उलटी बाजू

जॅकार्डची कार्डं पाडायचं काम माझं.
भोक पडलं तर दोरा वर, नाही पडलं तर खाली.
मोर, कमळ, नवरा-नवरीची नावं,
निवडणुकीच्या तोंडावर पुढाऱ्याच्या मिशासुद्धा
मी भोकाभोकांनी बसवल्यात.

यंदा मंडळाची पोरं आली.
म्हणाली, काका, चार नावं पाडा,
चादरीच्या मधोमध, ठसठशीत.
शांतिसेनेतली माणसं, आपल्याच पेठेतली.
सत्कार करायचाय.
मी म्हटलं, आत्ता?
पोरं एकमेकांकडं बघायला लागली.
श्रीलंकेतनं फौज परतली तेव्हा
त्यांच्यातलं एकही जन्मलेलं नव्हतं.

मी होतो की.
नव्वद सालचा मार्च, मध्यरात्रीची मद्रास मेल.
रातपाळीच्या सुट्टीत मी स्टेशनसमोर चहाला,
आणि अंबादास यल्दी बाहेर आला
खांद्यावर हिरवी ट्रंक घेऊन.
"आलास का रे?" मी विचारलं.
त्यानं बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं.
"चहा नको," म्हणाला,
आणि दाजी पेठेच्या दिशेनं चालायला लागला.

स्वागत म्हणाल तर तेवढंच.
जिंकून आले असते तर हलग्या वाजल्या असत्या,
हरून आले असते तर कुणी तरी रडलं असतं.
हे नुसतेच आले होते.

आठव्या दिवशी तो मागावर उभा राहिला.
आमच्या शेडमध्ये बोलणं हाताचं,
चाळीस माग एकदम चालले की शब्दाला जागाच नसते.
निम्मी गल्ली कमी ऐकते.
कान मागाला दिला, म्हणतो आम्ही,
घामाला मीठ म्हणावं तितक्या सहज.
त्याचाही कान आम्ही त्याच खात्यावर मांडला.
पस्तीस वर्षं.

परवा बॅनरसाठी माहिती हवी म्हणून
त्याच्या लेकीनं ट्रंकेतला कागद आणला.
घडीवर फाटलेला. सुरुंगस्फोट, जाफना.
उजवा कान पूर्ण, डावा बराचसा.
मी कार्ड पाडता पाडता थांबलो.
मशीन तसंच चालू राहिलं,
चार रिकामी भोकं पडली.

रविवारी संध्याकाळी मांडव, खुर्च्या, बँड.
बँडवाल्यानं फार लवकर सुरुवात केली
आणि रजाक नदाफ भर मांडवात
भलत्याच गाण्याला ताठ सावधान उभे राहिले.
मल्लिनाथ हत्तुरेंनी नातवाला सांगितलं, हसू नको.
नगरसेवकांचं भाषण अंबादासच्या
दोन्ही कानांवरनं गेलं; तो मात्र
त्यांच्या ओठांना मान देत राहिला.

चौथं नाव गणपत सरवदे.
ते अकरा वर्षांपूर्वीच गेले.
सुगलाबाई वर आल्या, बोटं अजून विड्या वळल्यासारखी.
चादर घेतली, अक्षरांवरनं अंगठा फिरवला,
"आता ही पांघरणार कोण?" म्हणाल्या.
माईक चालू होता.
सबंध पेठेनं ऐकलं,
ज्यांना ऐकू येत नाही त्यांनीही.
कुणी तरी घाईनं टाळ्या सुरू केल्या, मग बंद केल्या.

अंबादासनं आपली चादर खांद्यावर घेतलीच नाही.
आधी उलटली.
विणकर माणूस, पाठ बघितल्याशिवाय
कापडावर विश्वास ठेवायचा नाही.
पाठीला त्याचं नाव उलटं,
गर्द जागी फिकं, फिक्या जागी गर्द.
फोटोवाला म्हणतोय, आजोबा, इकडं बघा,
आणि हा बोटानं दोरे मोजतोय.

कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडं आला.
बहिरी माणसं बोलतात तसा मोठ्यांदा म्हणाला,
"'ल'च्या पोटात एक दोरा खाली राहिलाय."
मला माहीत होतं.
"उद्या नवीन पाडून देतो," मी म्हटलं.
तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला,
बराच वेळ,
मग चादरीची घडी काखेत मारून म्हणाला,
"चहा? चल की."